आभाराची बाटली

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने मरण्याआधी सगळी निरवानिरव केली होती. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या आंतेक्रोम गावात अजूनही लोक म्हणतात की न्टिमने बायकापोरांचा विचार केला नाही, तसाच गेला. लोकांना बोलायला काय जातं. विचार त्याने केला होता, आणि गावात सहसा कुणी करत नाही इतका नीट केला होता.

आमच्यात मूल आईच्या कुळाचं. बाप मेला की त्याचं जे काही असेल ते त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जातं, आणि बायको आपली भांडीकुंडी उचलून माहेरच्या वाटेला लागते. मी ह्याला नावं ठेवत नाही. आमच्या मामाची जमीन आमच्या भावाला मिळाली, तेव्हा मामीच्या डोळ्यांकडे आम्ही तरी कुठे बघितलं? पण ओढ्यापलीकडची कोकोची बाग ही न्टिमच्या एकट्याच्या घामाची नव्हती. जमीन त्याच्या कुळाची, हे खरं. रान तोडलं त्याने, हेही खरं. पण रोपं डोक्यावरून वाहून आणली पोकुआने, माझ्या बहिणीने. कोकोला कोवळेपणी सावली लागते, म्हणून मध्ये केळी लावली तिने, तण काढलं तिने, खारी हाकलल्या तिने. तिची थोरली तावियाह त्या बागेतच जन्मली. कळा सुरू झाल्या तेव्हा पोकुआ कोकोची फळं फोडत बसली होती, आणि पुढ्यातला ढीग संपल्याशिवाय उठायला तयार नव्हती. अशी ती. लहानपणीही ताटातला शेवटचा घास दुसऱ्याला मिळाला की नाही ते बघून मग पाणी प्यायची. आई म्हणायची, ही पोरगी उपाशी मरेल. आई तशी फारशी चुकायची नाही.

न्टिमच्या पोटात पाणी व्हायला लागलं आणि मिशनच्या दवाखान्यातून त्याला घरी पाठवलं, तेव्हा त्याने काय ओळखायचं ते ओळखलं. एका सकाळी त्याने चार माणसांना बोलावलं. त्याच्या कुळाचे थोरले नाना बादू, त्याची बहीण यिआ, पोकुआ आणि पोकुआच्या बाजूने मी. काठी टेकत, तीनतीनदा बसत, तो आम्हांला ओढ्यापलीकडे घेऊन गेला आणि चारी बाजूंच्या हद्दीची झाडं त्याने हात लावून दाखवली. मग म्हणाला, ओढ्याच्या अलीकडचं सगळं कुळाचं, त्याला मी हात लावत नाही. पलीकडची ही बाग मी पोकुआला आणि तिच्या पोरांना देतो. नाना बादूंनी मान हलवली आणि म्हणाले, ऐकलं. यिआ काही बोलली नाही, पण ऐकलं तिनेही.

एवढ्याने काम झालं असतं तर मी आज हे सांगत बसले नसते. आमच्यात दिलेली वस्तू दिली केव्हा ठरते, तर घेणाऱ्याने आभार मानले की. आभार तोंडी नाही. बाटली आणायची, देणाऱ्यासमोर ठेवायची, त्याने म्हणायचं ‘घेतले’, मग थोडी जमिनीवर ओतायची पितरांसाठी, आणि बाकीची जमलेल्यांनी प्यायची. ज्याने घोट घेतला तो साक्षीदार. मग त्याला उद्या ‘मी नव्हतो’ म्हणता येत नाही. घोट घेतला नाही, तोवर दिलेलं हे नुसतं बोललेलं.

बाटलीही कुठलीही चालत नाही. ताडाची गावठी दारू घराघरांत होती, पण जमिनीच्या आभाराला हिरव्या चौकोनी बाटलीतली परदेशी श्नॅप्सच लागते. पितरांना एकदा तिची चव लागली, आता सुटत नाही म्हणतात. आणि ते वर्ष टंचाईचं. कुमासी शहरातल्या दुकानांत साबण नव्हता, साखर नव्हती, फळ्या पुसून ठेवल्या होत्या आणि दुकानदार त्यांच्यामागे माश्या मारत बसला होता. श्नॅप्स तर ज्याचा कुणी मोठा ओळखीचा असेल त्यालाच. पोकुआने महिनाभर जो भेटेल त्या ट्रकवाल्याला सांगून ठेवलं. शेवटी सीमेपलीकडून माल आणणाऱ्या एकाने आणली. बदल्यात त्याच्या बायकोला पोकुआचं लग्नातलं कापड हवं होतं, निळ्यावर पिवळी पाखरं असलेलं. पोकुआने ते दिलं, आणि काठाची एक चिंधी फाडून घेतली. ती चिंधी बाटलीच्या गळ्याला बांधली आणि बाटली आपल्या पत्र्याच्या पेटीत कापडांच्या तळाशी ठेवली. पेटी न्टिमच्या खाटेखाली होती, कारण त्याची शुश्रूषा करायला ती त्याच्याच खोलीत राहत होती.

आता सांगा, पुढचं काम किती होतं? पेटी उघडायची, बाटली काढायची, चार माणसांना हाक मारायची. अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंतचं काम.

मी रोज विचारायचे. एकदा दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकाच्या छपराखाली उकडलेल्या कंदांचा फुफू कांडत होतो. मी मुसळ मारत होते, ती उखळात हात घालून गोळा परतत होती. मी मुसळ थांबवलं आणि म्हटलं, आज दे.

“आज नको,” ती म्हणाली.

“मग कधी? तुला मुहूर्त काढून देऊ?”

“ताई, आत्ता तो दोन घास खातो. बाटली पुढ्यात ठेवायची म्हणजे त्याला सांगायचं की बाबा, तुझं देऊन झालं, माझं घेऊन झालं, आता तू मोकळा. दोन घासही सोडेल.”

“आणि नाही ठेवलीस तर?”

“बरा झाला की ठेवीन. चालत अंगणात येऊन बसेल तेव्हा ठेवीन.”

बरा होणार नाही, हे तिलाही माहीत होतं. मी तसं बोलूनही दाखवलं, माझ्या तोंडाला कुठे लगाम. मग तिने खरं कारण सांगितलं. म्हणाली, समज, मी आज बाटली दिली आणि उद्या तो गेला. यिआ काय म्हणेल? बाग पदरात पडेपर्यंत जिवंत ठेवला आणि मग मारला, असं म्हणेल. सूपात काय घातलं होतं म्हणून विचारेल. माझ्या पोरांना गावात चेटकिणीची पोरं म्हणतील.

यिआ तसं म्हणालीच असती. गावाने मान डोलावली असती. दोन वर्षांपूर्वी ओढ्याकाठच्या एका बाईला ह्याच्यापेक्षा कमी कारणाने गाव सोडावं लागलं होतं. मी पुन्हा मुसळ उचललं.

नाना बादू काही वाईट माणूस नाही. पोकुआच्या हातचं ताडफळाचं सूप त्यांना फार आवडायचं, आणि मुलं त्यांच्या मांडीवर खेळलेली. त्यांनी एकदा शेजारणीकडून निरोप पाठवला की पोकुआला सांग, माझा घसा कोरडा पडलाय. मग बाजारात मी भाजलेले मासे विकत बसले होते तिथे येऊन मलाच म्हणाले, तुझ्या बहिणीच्या घरी पाऊस कधी पडणार? मी म्हटलं, नाना, ढग भरलेत, पण ढगाला लाज वाटते. ते हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, मोठ्या माणसाने स्वतःहून पेला मागायचा नसतो, मान्सा. एवढंच बोलून एक मासा उचलून गेले, पैसे नेहमीसारखे न देता.

ते मी पोकुआला सांगितलं. त्याच संध्याकाळी मी न्टिमला सूप भरवायला मदत करत होते. त्याचे पाय खांबासारखे सुजले होते आणि तोंड पार बारीक झालं होतं. दोन घोट घेतल्यावर त्याने पोकुआकडे बघितलं.

“बाटली मिळाली का गं?”

पेटी त्याच्या पाठीखाली, वीतभर अंतरावर. मी पोकुआकडे बघितलं. तिने वाटी पुसली, पदराने त्याचं तोंड पुसलं.

“कुठली मिळते,” ती म्हणाली. “दुकानं रिकामी आहेत. घाई काय आहे?”

“घाई काही नाही. बादू म्हातारा झालाय. कधी जाईल सांगता येत नाही.”

आणि दोघं हसली. नाना बादू तेव्हा रोज दोन कोस चालत होते, आणि न्टिमला कुशीवर वळता येत नव्हतं. तो तिला सांभाळत होता, ती त्याला सांभाळत होती. मला आजही राग येतो तो यिआचा नाही, बादूंचाही नाही, ह्या सांभाळण्याचा येतो. एकाने तरी त्या दिवशी ओरडायला हवं होतं.

तो त्याच आठवड्यात, बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी गेला. पोकुआ विहिरीवर होती. ती घागर घेऊन अंगणात आली तेव्हा यिआ रडत बाहेर येत होती. यिआचं रडणं खरं होतं, हे मी नाकारणार नाही, एकुलता भाऊ होता तो तिचा. पण त्या रडण्यातच तिने खोलीचं दार ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या मण्यांत खोचली. तीही रीतच आहे. मेलेल्याची खोली कुळाची, चाळिसाव्या दिवसापर्यंत कुणी काही हलवायचं नाही. प्रेत न्यायला उघडली, परत लावली.

पोकुआला विधवेच्या चटईवर बसवलं, काळं नेसवलं. तिला कुणाशी बोलायची मुभा नव्हती, तरी ती माझ्या कानात म्हणाली, पेटी आत आहे. मी यिआला गाठलं आणि सांगितलं, माझ्या बहिणीची पेटी तेवढी काढून दे.

“चाळिसाव्याला मिळेल,” यिआ म्हणाली. “तोवर पेटी कुणी खात नाही.”

मधले दिवस कसे गेले ते मला सांगता येत नाही. ढोल वाजले, माणसं आली, जेवली, रडली. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं, ते दार आणि त्यामागची खाट आणि खाटेखालची पेटी. एक वेडी आशा होती की बाटली आहे म्हटल्यावर काहीतरी मार्ग निघेल. पोकुआला तीही नव्हती. तिने त्या दिवसांत मला एकदाच विचारलं, त्याला शेवटी तहान लागली होती का, आणि तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं.

चाळिसाव्याला अंगणात मंडप घातला. एका बाजूला न्टिमचं कुळ, समोर आम्ही. वारस ठरवायचा होता, आणि तो कोण हे पोरासोरांनाही माहीत होतं. यिआचा मुलगा सायमन. कुमासीच्या एका गोदामात कारकून. तोही वाईट नाही, हेच तर दुखणं आहे, वाईट असता तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या. लाजरा पोरगा, बुटांना लाल माती लागू नये म्हणून पाय उचलून टाकत होता. कोकोचं फळ झाडावरून कसं कापतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. मामीच्या पाया पडताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

देणीघेणी झाली, मग नाना बादूंनी बागेचा विषय काढला. त्यांनी तो लपवला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

“न्टिमने हद्द दाखवली,” ते म्हणाले. “मी होतो, यिआ होती. ह्या वयात खोटं बोलून मला कुठे जायचंय? दाखवली.”

यिआ खाली बघत होती.

“आम्ही प्यायलो का?” बादूंनी विचारलं.

यिआचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

“पोकुआ, आम्ही प्यायलो का?”

“नाही, नाना.”

मी उठले. बायकांनी मध्ये बोलायचं नसतं, पण माझी कीर्ती आधीच होती. म्हटलं, बाटली आहे. ह्याच घरात आहे, त्या कुलपामागे, तिच्या पेटीत, कापडांच्या तळाशी. तुमच्या माणसाच्या जिवाला धक्का बसू नये म्हणून तिने काढली नाही. आत्ता उघडा आणि आत्ता प्या. कितीही प्या.

“बस, मान्सा,” नाना बादू म्हणाले. ओरडून नाही. “आभार जिवंत माणसाला देतात. तो ‘घेतले’ म्हणतो, मग मी पितो. आज कोण म्हणेल? थडगं म्हणेल?” मग त्यांनी आवाज अगदी खाली आणला. “मी दोनदा सांगितलं होतं गं. अजून कसं सांगायचं असतं?”

मी बसले. त्यांच्या बोलण्यात एक भोक सापडेल म्हणून मी अजूनही कधी कधी शोधते. सापडत नाही. पुढे काही वर्षांनी सरकारने बायकामुलांसाठी कायदा केला, पण कुळाच्या जमिनीला तो लागत नाही म्हणतात, आणि लागला असता तरी तोवर उशीर झाला होता.

सायमनने हात जोडून सांगितलं की मामीने बागेतच राहावं. राखणदाराला तीन वाट्यांतला एक वाटा देतात, तसा तो तिला देईल, बाहेरचा माणूस ठेवण्यापेक्षा घरचंच बरं. त्याला वाटलं आपण मोठं मन दाखवतोय. मंडपात दोघातिघांनी वा वा केलं. स्वतः लावलेल्या झाडाखाली मजुरीने बसायचं बोलावणं होतं ते. पोकुआ म्हणाली, बरं.

मग खोली उघडली. खाट, दोन खुर्च्या, त्याचे कपडे, कोयते, सगळं अंगणात मांडलं. पेटी सगळ्यांसमोर उघडली, कारण मीच बोंबलून सांगितलं होतं ना आत काय आहे ते. कापडं एकेक करून पोकुआला परत दिली. तळाशी ती हिरवी बाटली. यिआ म्हणाली, भावाच्या खोलीतलं ते भावाचं. मी गळ्याची चिंधी दाखवली, निळ्यावर पिवळं पाखरू, ह्या कापडात ती नवरी होऊन ह्याच अंगणात आली होती, तुम्ही सगळ्यांनी बघितली होती. बघितली असणार. पण त्या क्षणी सगळे आपापल्या पायांकडे बघत होते.

आता वारसालाही आभार मानावे लागतात. कुळाने त्याला मेलेल्याच्या जागी बसवलं, म्हणून त्याने कुळापुढे बाटली ठेवायची. तीच रीत, तीच दारू. सायमनने कुमासी पालथी घातली होती आणि त्याला फक्त गावठी मिळाली होती. तो अडखळत तसं सांगू लागला. त्याचं सांगून होईपर्यंत नाना बादूंचा हात बाटलीवर होता.

“ही न्टिमची,” ते म्हणाले. “न्टिमचं ते आता तुझं. ठेव पुढ्यात.”

सायमनने ठेवली. त्याआधी बादूंनी गळ्याची चिंधी सोडली आणि नीट घडी करून पोकुआकडे पाठवली. म्हणाले, कापड तिचं आहे. त्यांना खरंच न्यायाने वागायचं होतं.

बूच निघालं. थोडी मातीत ओतली, पितरांची नावं घेतली, शेवटी न्टिमचं घेतलं. बादू म्हणाले, घेतले. मग पेला फिरला, कुळातल्या थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, आणि मग आमच्या बाजूला वळला. विधवेने तो नाकारला तर वारस नाकारल्यासारखं. मग तिला एक वाटाही नाही आणि मुलांना त्या अंगणात पाय ठेवायची सोय नाही. आणि प्यायली, तर बाग सायमनची झाल्याची ती साक्षीदार. मी तिच्या कानात म्हटलं, नको घेऊस, माझ्याकडे चल, मासे विकून खाऊ.

तिने पेला घेतला. एका मुठीत ती चिंधी होती. ती सायमनकडे वळली नाही, बादूंकडेही नाही. त्या उघड्या खोलीकडे वळली, जिथे आता खाटही नव्हती.

“न्टिम,” ती म्हणाली, साध्या आवाजात, जेवायला बोलवावं तशी, “बाटली मिळाली होती रे.”

आणि एका घोटात प्यायली.

पेला पुन्हा भरला आणि माझ्यापुढे आला. तावियाह माझ्याकडे बघत होती, तिची दोन्ही धाकटी भावंडं तिला चिकटून उभी होती. मीही प्यायले.